टिपणावर उभा जिल्हा : नाशिकच्या भूमी अभिलेख खात्याची वाटचाल

नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याच्या बऱ्याचशा शेतांची मोजणी मात्र त्याआधीच उरकली होती. त्या वेळी नाशिक, सिन्नर, दिंडोरी, चांदवड हा मुलूख अहमदनगरच्या कलेक्टराच्या हाताखाली होता. मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशात मोडत होते. जिल्ह्याहून वयाने वडील असे जे थोडे सरकारी काम इथे चालते, त्यात जमिनीची मोजणी येते. जिल्ह्याच्या शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत तिला जागा मिळाली हे योग्यच झाले. स्मरणिका निघायला थोडा उशीर झाला खरा, पण मोजणी खात्यावरच्या लेखात उशिराबद्दल तक्रार करणे शोभणार नाही.

या लेखात माणसांची नावे कमी सापडतील. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हतेच. साखळी ओढणारे, निशाण धरून उन्हात उभे राहणारे, रात्री कंदिलाच्या उजेडात गुणाकार मांडणारे, गावाची शीव तोंडपाठ असणारे, अशा कित्येक पिढ्यांनी ते मिळून केले आहे. श्रेयही त्यांना मिळूनच द्यावे लागेल.

१८४० पूर्वी : काठी, बिघा आणि शीव

मोजणी इंग्रजांनी आणली हा समज अर्धाच खरा आहे. निजामशाहीत मलिक अंबरने महसुलाची घडी बसवली होती. शिवकाळात जमिनीच्या पाहणीचे काम अण्णाजी दत्तोंकडे होते आणि काठीचे माप ठरलेले होते. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, असा हिशेब सभासदाच्या बखरीत नोंदलेला आहे. पुढे पेशवाईत कमाल आकारणी झाली.

प्रत्यक्ष गावात काठी रोज निघत नसे. शेत त्याच्या नावाने ओळखले जाई आणि थळ, मुंड, तिका अशा वाटण्यांनी सारा ठरे. एका गावचे थळ दुसऱ्या गावच्या थळाएवढे असेलच असे नाही. बिघासुद्धा काळ्या जमिनीत लहान आणि बरडात मोठा धरला जाई. आजच्या डोळ्यांना हा गोंधळ वाटतो, पण सारा पिकावर बसवायचा असेल तर असे लवचीक माप सोयीचेच होते. अडचण गावाबाहेरच्या माणसाची व्हायची. त्याला यातले काही कळत नसे आणि गावाचीही तशी इच्छा नसे.

शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसे, जुनी माणसे साक्षीला येत, महजर लिहिला जाई. क्वचित दिव्यही होई. या साऱ्यात गावच्या महाराच्या साक्षीला मोठे वजन होते. कोणता ओढा, कोणता दगड, कोणते झाड कोणत्या गावचे, हे त्याच्या घराण्यात पिढीजात माहीत असे आणि पुढे इंग्रजी मोजणीदारांनाही शिवेवर त्याचीच सोबत लागली. ज्याच्या शब्दावर दोन गावांची हद्द ठरत होती, त्याच्या स्वतःच्या जमिनीचा हक्क मात्र वतनाच्या चाकरीला बांधलेला होता. ती चाकरी सुटायला १९५८ चा वतन निर्मूलनाचा कायदा यावा लागला. मोजणीच्या इतिहासात ही गोष्ट सहसा लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहिली.

१८४० ते १८६९ : तेहतीस फुटांची साखळी

पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल यांनी पहिली मोठी मोजणी केली आणि ती फसली. निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा हे गणित कागदावर देखणे होते, पण आकडे चुकले, सारा जड झाला आणि शेते ओस पडली. मग १८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि लष्करी इंजिनिअर विंगेट व नॅश यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांची पद्धत साधी होती : शेत मोजा, मातीची प्रत ठरवा, गावाचा दर ठरवा आणि तीस वर्षे त्याला हात लावू नका. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के झाले. नाशिक भागातली मूळ मोजणी याच काळातली, म्हणजे १८४० च्या दशकातली.

मोजणीचे मुख्य साधन होते साखळी. इंग्लंडातली गंटरची साखळी ६६ फुटांची, तर मुंबई इलाख्यात निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली. तिचे सोळा भाग पाडले आणि प्रत्येक भागाला आणा म्हटले. त्यामुळे रुपयाआण्यांत हिशेब करणाऱ्या कारकुनाला मोजणीचे अंकगणित वेगळे शिकावे लागले नाही. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. नाशिकरोडला आज एखादा गुंठा विकला जातो तेव्हा खरे तर इंग्रज अमदानीतली एक साखळी औरसचौरस विकली जात असते.

शेत मोजायची रीत अशी : एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषा धरायची, तिच्यावर साखळी टाकत जायचे आणि बांधाचे जे वळण येईल त्यासमोर शंकू लावून रेषेपासून लंब काढायचा. शंकू म्हणजे काटकोन पाहायचे साधे लाकडी साधन. शेताचे असे त्रिकोण आणि पट्ट्या पडतात. त्यांची मापे हाताने काढलेल्या आकृतीवर साखळी-आण्यांत लिहायची, हे टिपण. त्यावरून क्षेत्र काढायचे ते गुणाकार बुकात. टिपणातली आकृती प्रमाणात नसते, कधी शेत दिसते त्याहून भलतेच आडवे काढलेले असते. पण आकडे बरोबर असतील तर त्या आकड्यांवरून तेच शेत पुन्हा उभे करता येते. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत कागद जीर्ण झाले, खुणेचे दगड उखडले, बांध सरकले. तरी हद्दीचा वाद शेवटी या आकड्यांपाशीच येऊन थांबतो.

सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीला कसता येईल एवढे क्षेत्र हा आधार होता. म्हणून काळ्या भारी जमिनीचे नंबर लहान, हलक्या जमिनीचे मोठे आणि भाताची खाचरे सर्वांत लहान. प्रतवारी करणारा वेगळा. तो शेतात ठिकठिकाणी खड्डा घेऊन मातीची खोली आणि जात पाही, चुनखडी, रेती, पाणथळपणा, उतार असे दोष नोंदवी आणि सोळा आण्यांपासून उतरत्या नऊ वर्गांत जमीन बसवी. वरचा अधिकारी काही नंबर स्वतः पुन्हा मोजून आणि खड्डे तपासून पाही. संशयावर उभी असलेली ही व्यवस्था होती आणि म्हणूनच ती टिकली, असे माझे मत आहे.

नाशिकच्या भूगोलाने या पद्धतीची कसोटी पाहिली. निफाड, येवला, सिन्नरच्या देशावर साखळी सरळ पळे. पश्चिमेच्या डांगात, आजच्या त्र्यंबक, इगतपुरीच्या उतारांवर, दळीची शेती दरवर्षी जागा बदलणारी. तिथे कायमचा नंबर कसा पाडायचा? बागलाण-मालेगावच्या मोसम आणि आरम नद्यांकाठी बंधाऱ्यांवर फड बागायत होती. पाणी पाळीने फिरे, त्याप्रमाणे पिकाचा फड फिरे. पाटस्थळाची आकारणी कोरडवाहूच्या दराने करून चालणार नव्हती. देशावर घालून दिलेला नियम इथे थोडाथोडा वाकवावा लागला.

एक गोष्ट या मोजणीने मुद्दाम सोडली. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाची फक्त बाहेरची कड मोजली गेली. आतली घरे, वाडे, बखळी तशाच राहिल्या. हा अनुशेष भरायला पावणेदोनशे वर्षे लागली. त्याविषयी पुढे येईलच.

१८७० ते १९०० : फेरमोजणी

तीस वर्षांची मुदत संपली ती नेमकी नवा जिल्हा झाल्यावर. १८७० च्या दशकात फेरमोजणी झाली, जुनी क्षेत्रे तपासली गेली, पडीक जमिनी लागवडीखाली आल्याचे दिसले, दर वाढले. शेजारच्या पुणे-नगर भागात १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे उसळले, त्याच्या कारणांत वाढीव सारा हेही एक कारण सांगितले गेले. १८७९ चा जमीन महसूल अधिनियम आला आणि सर्व्हे नंबर, हद्दीच्या खुणा, त्या राखण्याची खातेदाराची जबाबदारी हे सगळे कायद्यात बसले.

याच शतकात देशाची दुसरी मोठी मोजणी चालू होती, त्रिकोणमितीची. तिचा आरंभ करणारे लॅम्बटन १८२३ साली आपल्याच हिंगणघाटला वारले. ती मोजणी डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथा पाही, महसुली मोजणी बांधावरून बांध पाही. दोघींची नीट गाठ पडली नाही. गावनकाशा आपल्या शिवेपुरता बरोबर, पण पृथ्वीच्या पाठीवर तो नेमका कुठे, हे त्याला सांगता येत नव्हते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

१९०१ ते १९४६ : हक्काचे कागद

या काळात शेतात कमी आणि दप्तरात जास्त काम झाले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ साली ती महसूल अधिनियमात आली. मूळ मोजणी सरकारी साऱ्यासाठी होती. आता कागदाला माणसाच्या हक्काचा अर्थ आला. भाऊवाटण्या, खरेद्या यांनी सर्व्हे नंबर फुटत होते, त्यासाठी पोटहिस्सा मोजणी आली आणि तिच्याबरोबर पोटहिश्शांची मापे नोंदणारी फाळणी बारा. क्षेत्र वाढले-घटले की कमी-जास्त पत्रक. हे शब्द तेव्हापासून नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले आहेत. याच काळात चणकापूर आणि दारणा ही धरणे झाली. त्यांच्या पाण्याखाली बुडालेल्या आणि कालव्यांनी भिजलेल्या जमिनींची मोजणी खात्याच्या वाट्याला आली.

१९४७ ते १९६९ : गट, कूळ आणि दशमान

खात्याच्या इतिहासातला सर्वांत दाटीचा काळ हाच. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. चार ठिकाणी विखुरलेले तुकडे एका जागी आणायचे, सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पाडायचे. कल्पना चांगली होती. गावोगाव योजना राबवताना प्लेन टेबल निघाले : तिपाईवर फळा, फळ्यावर कागद, आणि समोरच्या निशाणाकडे नजर लावून जागेवरच काढलेली रेषा. साखळीपेक्षा हे काम झपाट्याचे आणि नकाशा तिथल्या तिथे तयार. पण नाशिकचा चैत्री वारा आणि अवकाळी पाऊस कागदाला सोसत नाही, हे त्या पिढीतल्या कुणीही सांगेल. काही गावांत गटाचे क्षेत्र आणि जागेवरचा ताबा जुळला नाही. त्या चुकांच्या दुरुस्त्या अजून चालू आहेत. कोणाची चूक किती, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. ती इथे उगाळण्याचे कारण नाही.

त्याच्या मागोमाग १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणारा मालक झाला, पण तो नेमक्या किती जमिनीचा मालक हे मोजूनच ठरणार होते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक आणि गायरान जमिनींच्या मागणीतून वाटपाचे प्रश्न पुढे आले. १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्याने ठरलेली वरकड जमीनही आधी बांधावर दाखवावी लागे, मगच तिचे वाटप. कायदे मुंबईत झाले. त्यांची अंमलबजावणी शेतात साखळी टाकूनच झाली.

याच सुमारास एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर, फरक इतका थोडा की लोकांनी कागदावर आर मान्य केला आणि तोंडात गुंठाच ठेवला. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. हद्दींच्या मोजणीचा आजचा कायदेशीर आधार तीच.

१९७० ते १९९९ : शहर बांधावर आले

ओझरचा विमानांचा कारखाना आधीच उभा होता. आता सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, सिडकोचे नवे नाशिक आले आणि १९८२ साली महानगरपालिका. सातपूर, नाशिकरोड आणि लगतची खेडी शहरात आली, तेव्हा मळ्यांचे बांध प्लॉटच्या कुंपणभिंती झाले. शेतात हातभर फरक पडला तर शेजारी दोन दिवस बोलत नसत. प्लॉटवर तेवढ्याच फरकाने दिवाणी दावे उभे राहू लागले. नगर भूमापनाच्या कचेरीवर ताण आला. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागांनी जमिनीचा भाव चढवला आणि बांध कोरण्याच्या तक्रारी वाढल्या. याच काळात एकत्रीकरण योजनेचे काम थांबले. खात्यात माणसे कमी, अर्ज जास्त; बदल्या आणि कामाच्या वाटपावरून मतभेदही झाले. तरी काम थांबले नाही, एवढे नोंदवणे पुरे.

२००० ते २०१९ : संगणक, वनपट्टे आणि महामार्ग

इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आले आणि साखळी भिंतीला टांगली गेली. हे यंत्र कोन आणि अंतर एकाच वेळी टिपते. मधल्या ओढ्यावरून, विहिरीवरून साखळी फिरवून न्यायची कटकट संपली. २००८ च्या केंद्रीय कार्यक्रमानंतर अभिलेखांचे स्कॅनिंग आणि नकाशांचे अंकीकरण वेगाने सुरू झाले. मोजणीचे अर्ज ई-मोजणी प्रणालीत आले.

डांगातला जुना प्रश्न याच काळात नव्या रूपात परतला. २००६ च्या वनहक्क कायद्याने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या आदिवासी शेतकऱ्यांना कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता आला, पण किती क्षेत्र कसतो हे दाखवायचे कसे? जीपीएस हातात घेऊन माणसे प्लॉटभोवती फिरली. दावा आणि मंजूर क्षेत्र यांतला फरक ही मोठी तक्रार होती. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनपट्टे अग्रभागी होते. तीस वर्षांच्या साऱ्यासाठी इंग्रजांनी जिथे कायमचा नंबर पाडायला कचरत पाऊल टाकले, तिथेच आता हक्कासाठी नंबर मागितला जात होता.

समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला. त्याच्या संयुक्त मोजणीला सिन्नरच्या शिवडे परिसरात सुरुवातीला विरोध झाला. पुढे तोडगा निघाला आणि काम पूर्ण झाले. सिंहस्थाचीही आठवण ठेवली पाहिजे. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभे राहते, आखाड्यांना जागा आखून द्याव्या लागतात. हे काम चोख झाले तर कुणी बोलत नाही, चुकले तर साऱ्या देशाला कळते.

२०२० पासून : ड्रोन आणि रोव्हर

मूळ मोजणीने सोडलेले गावठाण आता मोजले जात आहे. महाराष्ट्राने ड्रोनने गावठाण मोजणीचा प्रयोग आधीच सुरू केला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन उडतो, त्याआधी ग्रामपंचायत, भूमी अभिलेख आणि महसूल विभागाची माणसे प्रत्येक मिळकतीची कड चुन्याने आखतात. घरमालकाला सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. ड्रोन आकाशात असला तरी वाद चुन्याच्या रेषेवर होतो. ती मारताना दोन्ही शेजारी हजर असले की पुढचे काम सुरळीत होते.

शेतात रोव्हर आला आहे. उपग्रहांचे संदेश आणि राज्यभर उभारलेल्या सत्तराहून अधिक स्थायी संदर्भ केंद्रांची जोड मिळाली की हा काठीवर बसवलेला यंत्राचा डबा काही सेंटीमीटरांच्या अचूकतेने जागा सांगतो. अर्धा दिवस खाणारे काम मोकळ्या रानात तासाभरात होते. मोजणी नकाशाच्या क प्रतीवर अक्षांश-रेखांश येऊ लागले. दाट आंबराईत किंवा त्र्यंबकच्या अरुंद दरीत उपग्रह नीट मिळत नाहीत, तेव्हा टोटल स्टेशन बाहेर निघते. आणि जुन्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी तरी टेप.

पण रोव्हर हद्द ठरवत नाही. तो फक्त सांगतो की आपण कुठे उभे आहोत. हद्द कुठे आहे ते टिपणातले आकडे, गुणाकार बुक, फाळणी बारा आणि जागेवर शिल्लक असलेल्या खुणा सांगतात. जुना नकाशा पृथ्वीवर नेमका कुठे बसतो हे ठरलेले नसते, म्हणून आधी तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, न सरकलेला बांध शोधावा लागतो आणि त्यांच्याशी टिपण जुळवावे लागते. हे जुळवताना एक खूण चुकीची धरली तर रोव्हर ती चूक सेंटीमीटरांच्या अचूकतेने पुढच्या दहा शेतांत नेतो. म्हणूनच कचेरीत नव्या भूकरमापकाला यंत्र आठवड्यात येते आणि टिपण वाचायला वर्षे लागतात. नव्या पद्धतीने जुनीला बाद केले असे म्हणणे चूक ठरेल. नवी पद्धत जुन्या टिपणावर उभी आहे.

आज प्रत्येक तालुक्यात उपअधीक्षक भूमी अभिलेख यांची कचेरी आणि जिल्ह्याला अधीक्षक आहेत. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा करायची निमताना मोजणी, तीही मान्य नसेल तर सुपर निमताना, अशी दाद मागायची सोय आहे. आगामी सिंहस्थाची तयारी, गावठाणांच्या सनदा, महामार्गांची संयुक्त मोजणी आणि मागे साठलेले पोटहिश्शांचे अर्ज, एवढे काम सध्या खात्याच्या हातात आहे.

वाचकांना खात्याच्या वतीने एवढीच विनंती. मोजणीची नोटीस आली की त्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहा आणि शेजाऱ्यालाही घेऊन या. घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचे वाटणीपत्र, फाळणीची नक्कल किंवा जुनी सनद असेल तर तिची प्रत सोबत आणा. शेताच्या कोपऱ्यावरचा जुना दगड ट्रॅक्टरला आडवा येतो म्हणून उपटू नका.